दुसरा भिडू : काही जुन्या व्हिडिओ-खेळांचे परीक्षण

परीक्षणासाठी ग्रंथ घ्यावा, नाटक घ्यावे, फार तर एखादा चित्रपट घ्यावा, असा आमच्या मासिकांचा शिरस्ता आहे आणि तो वाईट नाही. आज मात्र वाचकांची अनुमती गृहीत धरून आम्ही निराळीच वस्तू पुढे ठेवीत आहोत. 1990 ते 2000 या दशकात मध्यमवर्गीय घरांतील टीव्हीला जोडून मुले जे व्हिडिओ-खेळ खेळत, त्यांतील तीन-चार खेळांचे हे परीक्षण आहे. हा बेत आम्ही रायपूरच्या महाराष्ट्र मंडळात एका ज्येष्ठ स्नेह्यांच्या कानी घातला, तेव्हा ते म्हणाले, "अहो, पोरांनी डोळे बिघडवून घेतले, त्याचे आता परीक्षण कसले करता?" डोळ्यांविषयीची तक्रार आम्हांस मान्य आहे, आमचा चष्मा त्याच काळातला आहे. तथापि ज्या वस्तूने एका पिढीचे उन्हाळेच्या उन्हाळे खाल्ले, तिच्यात चांगले काय आणि वाईट काय हे कोणी विचारूच नये, हे आम्हांस पटत नाही.

खेळ हा टीकेचा विषय होऊ शकतो की नाही, हा वाद येथे उकरून काढण्याची आमची इच्छा नाही. खेळाला नियम असतात, ते कोणी तरी विचारपूर्वक केलेले असतात, आणि नियम बदलले की खेळणाऱ्यांचे परस्परांशी असलेले नातेही बदलते, एवढे मान्य केले तरी आमचे काम भागेल. ज्ञानदेवांच्या नावाशी परंपरेने जोडला गेलेला मोक्षपट घ्या. त्यात शेजाऱ्याच्या सोंगटीचे काय झाले याच्याशी आपला काडीचा संबंध नसतो. त्याला साप गिळो की शिडी मिळो, आपली वाट आपल्या दानावर. सारीपाटात तसे नाही. तेथे समोरासमोर बसलेले दोघे परस्परांचे भिडू आणि शेजारचे दोघे वैरी. भिडूची सोंगटी मागे राहिली तर आपली पुढे जाऊन उपयोग नाही. एका पटावर माणूस एकटा आहे, दुसऱ्यावर दुकटा. हा भेद कवड्यांनी घडविलेला नाही, नियमांनी घडविलेला आहे. हाच निकष आम्ही या विजेच्या पटांनाही लावणार आहोत. त्यांतील चित्रे किती सुबक, संगीत किती मधुर, याची चर्चा पुष्कळ झाली आहे. दोन रिमोट हाती घेऊन एकाच सतरंजीवर बसलेल्या दोन मुलांना हे खेळ परस्परांचे कोण करतात, हा प्रश्न फारसा कोणी विचारलेला आम्ही पाहिला नाही.

प्रथम थोडा इतिहास सांगणे भाग आहे. जपानच्या निन्टेंडो कंपनीने 15 जुलै 1983 रोजी 'फॅमिली कॉम्प्युटर' नावाचे यंत्र विक्रीस आणले. मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या देखरेखीखाली ते तयार झाले होते. पुढे अमेरिकेत व इतरत्र ते निराळ्या नावाने व निराळ्या पेटीत गेले, आणि जगभर मिळून त्याच्या सहा कोटींहून अधिक प्रती खपल्या. आमच्या गावात ते मूळ यंत्र कोणी पाहिले असेल असे आम्हांस वाटत नाही. आमच्यापर्यंत आल्या त्या त्याच्या नकला. 'लिटल मास्टर', 'मीडिया', 'टर्मिनेटर' अशी नावे धारण केलेल्या या पेट्या गोलबाजारात व मालवीय रोडवर मिळत. 1995 साली शॉ वॉलेस कंपनीने सेगाची अस्सल यंत्रे भारतात आणली खरी, पण आयातकर इतका जबर होता की नोकरदाराच्या घरी ती पोचणे कठीणच होते. तेव्हा आमच्या पिढीचा या कलेशी जो परिचय झाला तो सर्वस्वी नकलांतून झाला, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

नकलेबरोबर कॅसेट येई. तिच्यावर '9999 इन 1' असे छापलेले असे. नऊ हजार नऊशे नव्याण्णव खेळांच्या त्या यादीत अस्सल खेळ फार तर वीस-पंचवीस. बाकी सर्व त्याच खेळांची नावे बदलून, मधल्याच एखाद्या टप्प्यापासून आरंभ करून केलेली भरती. (प्रातिनिधिक कथांचे संग्रह चाळताना आम्हांस या कॅसेटीची आठवण अनेकदा झाली आहे.) कॅसेटीबरोबर पुस्तिका नसे. खेळ कोणी रचला, त्यात कोणती कथा आहे, कोणती कळ कशासाठी, यांपैकी काहीही लिहिलेले नसे. शिगेरू मियामोतो हे नाव आम्ही ऐकले ते मारिओच्या हजारो उड्या मारून झाल्यावर पंधरा वर्षांनी. म्हणजे लोकगीत जसे कर्त्याच्या नावावाचून, पाठभेदांसह आणि तोंडातोंडी येते, तसे हे खेळ आले. आणि कालदृष्ट्याही ते उशिरा आले. नव्वदीचे म्हणून आज ज्यांच्याविषयी हळवेपणाने बोलले जाते ते हे खेळ बहुतेक 1983 ते 1988 या काळातले आहेत. जपानात ते जुने झाल्यावर आमच्याकडे नवे झाले. मराठी मुलखाबाहेर राहणाऱ्या वाचकांना या अनुभवाचे नवल वाटू नये. मुंबई-पुण्यात वाचून झालेले पुस्तक आम्हांस पुढल्या वर्षी नवेच असते.

आमच्या घरी हे यंत्र 1997 च्या उन्हाळ्यात आले. तात्यापाऱ्यातील जुन्या घराच्या माजघरात चौदा इंची कृष्णधवल टीव्ही होता, त्याला ते जोडले गेले. आम्ही नऊ वर्षांचे व आमचे थोरले बंधू, म्हणजे दादा, तेरा वर्षांचे. मूळ जपानी यंत्रात दुसऱ्या रिमोटवर 'स्टार्ट' आणि 'सिलेक्ट' या कळा नव्हत्या, आणि नकलेनेही हा भेद इमानाने पाळला होता. पहिला रिमोट धरणारा खेळ निवडी, सुरू करी आणि हवा तेव्हा थांबवी. दुसरा रिमोट धरणाऱ्यास खेळण्याचा अधिकार होता, थांबविण्याचा नव्हता. पहिला रिमोट कोणाच्या हाती असे हे सांगण्याची आवश्यकता नाही. हे परीक्षण दुसऱ्या रिमोटवरून लिहिले जात आहे, एवढे वाचकांनी ध्यानी ठेवावे.

'सुपर मारिओ ब्रदर्स' हा 13 सप्टेंबर 1985 रोजी प्रसिद्ध झालेला खेळ या सर्वांत विख्यात, आणि रचनेच्या दृष्टीने निर्विवादपणे श्रेष्ठ. आठ जगे, प्रत्येकात चार टप्पे, मिळून बत्तीस टप्प्यांचा हा प्रवास अवघ्या चाळीस किलोबाइटांत बसविलेला आहे. आमच्या कार्यालयातील एका पानाच्या टिपणीचे छायाचित्रही आज याच्या कित्येक पट जागा खाते. या काटकसरीतूनच त्याचे रूप घडले. पहिल्या टप्प्यातील आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे यांचा आकार एकच आहे, केवळ रंग निराळा. नायकाला टोपी आहे कारण केस हलताना दाखविणे अवघड. मिशा आहेत कारण इतक्या थोड्या ठिपक्यांत तोंड काढता येत नव्हते. अडचणीतून निघालेली ही टोपी आणि मिशी पुढे जगप्रसिद्ध झाली. कविता वृत्ताच्या अडचणीतून कशी वाट काढते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात चमत्कार वाटणार नाही.

त्याहून थोर आहे तो त्याचा आरंभ. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूस उभा असतो आणि उजवीकडे मोकळी जागा. कोणीही न सांगता मूल उजवीकडे निघते. चार पावलांवर एक भुवया ताठलेला जीव समोरून येतो. त्याला धडकले की मरण; उडी मारली की सुटका, आणि बहुधा उडी मारताना डोक्यावरची वीट लागते व तिच्यातून काही निघते. चालणे, भय, उडी आणि बक्षीस एवढे सर्व पहिल्या दहा-पंधरा क्षणांत, एका अक्षरावाचून शिकविले जाते. पुस्तिका नसलेल्या आम्हां मुलांना तिची उणीव भासली नाही ती यामुळे. कोजी कोंदो यांचे संगीतही असेच शिकविणारे आहे. वेळ शंभरच्या खाली उतरला की तीच चाल दुप्पट घाईने वाजू लागते आणि घड्याळाकडे न पाहता मुलाचा हात चालू लागतो. पडदा एकदा पुढे सरकला की मागे येत नाही, हाही या खेळाचा नियम. सुटलेले नाणे सुटले.

इतके गुण मान्य करून आता आमचा आक्षेप मांडतो. दोघांनी खेळावयाचे तर या खेळात मारिओ आणि लुइजी हे भाऊ पाळीपाळीने येतात, आणि पाळी बदलते ती पहिला मेल्यावर. म्हणजे लुइजीने काय करावयाचे, तर मारिओ मरण्याची वाट पाहावयाची. दादा निष्णात होते. एका जिवावर ते चार-चार टप्पे ओलांडीत, आणि आम्ही रिमोट मांडीवर घेऊन त्यांच्या पुढच्या खड्ड्याकडे आशेने पाहत असू. शेजारची छत्तीसगढी मुले येत, तीही रांगेत बसत. कोणी खड्ड्यात पडला की "मोर पारी, मोर पारी!" असा गलका होई, आणि पडणाऱ्याविषयी सहानुभूती कोणाच्याही चेहऱ्यावर दिसत नसे. पडद्यावर सख्खे भाऊ म्हणून दाखविलेल्या दोघांना हा खेळ एकदाही एकमेकांसमोर आणीत नाही. एक असतो तेव्हा दुसरा नसतो. आश्चर्य असे की, 1983 च्या 'मारिओ ब्रदर्स' या आधीच्या खेळात, जो आमच्या नऊ हजारी कॅसेटीत कोपऱ्यात पडलेला होता, दोघे भाऊ एकाच वेळी पडद्यावर असतात. एकमेकांस मदत करतात, आणि पायाखालची फरशी खालून ठोकून एकमेकांस उडवूनही लावतात. कथेचे, जगाचे, संगीताचे सर्व वैभव मोठ्या खेळाला मिळाले, पण हे एक हरवले. ते परत यावयास 2009 साल उजाडले. त्या वर्षीच्या नव्या मारिओत चौघे एकत्र खेळू शकतात. तेव्हा आमचे दादा नोकरीनिमित्त पुण्यास जाऊन वर्ष झाले होते.

'कॉन्ट्रा' हा कोनामी कंपनीचा खेळ. 1987 साली तो नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांसाठी निघाला आणि पुढल्या वर्षी घरगुती यंत्रावर आला. हा खेळ आमच्या पिढीत मारिओहूनही लाडका असावा. दोन उघडे-बोडके सैनिक जंगलात उतरतात आणि सरळ गोळीबार सुरू होतो. कथेचा पत्ता आम्हांस नव्हता. मूळ जपानी खेळात ती 2633 सालातली आहे हे नंतर समजले, आणि समजून काही बिघडले वा सुधारले नाही. एका स्पर्शाने मरण, तीन जीव, आठ टप्पे. पंख्यासारख्या पाच गोळ्या सोडणारी 'एस' अक्षराची बंदूक मिळाली की स्वर्ग हाती आला, आणि ती नेमकी ज्याच्या हाती नको त्याच्या हाती जाते.

या खेळात दोघे एकत्र असतात. मारिओतील दोष येथे नाही. प्रथमदर्शनी तर हा भिडूंचा आदर्श खेळ वाटतो, आणि जे त्याची आठवण काढतात ते याच एका गोष्टीसाठी काढतात. पण नियम बारकाईने पाहिले की निराळे चित्र दिसते. पहिल्या टप्प्यात एक पूल आहे. पुढचा त्यावर पाय ठेवतो तसतसा तो फुटत जातो, मागचा पाण्यात. पाण्यात पडून मरण येत नाही, एवढी दया आहे. तिसऱ्या टप्प्यात तीही नाही. तेथे धबधब्याच्या कडेने वर चढावयाचे असते. जो वेगाने चढतो त्याच्याबरोबर पडदा वर सरकतो, आणि जो मागे राहिला तो पडद्याच्या तळाखाली जाऊन मरतो. शत्रूची गोळी लागत नाही, पायही घसरत नाही. भिडू पुढे गेला एवढेच त्याच्या मरणाचे कारण. आम्ही या धबधब्यात किती वेळा मेलो याची गणती नाही. "थांब ना दादा!" असे ओरडावे तोवर पडदा सरकलेला असे. दादांचे म्हणणे असे की, वर थांबले तर वरून येणारे दगड त्यांना लागतात. आणि ते खरेही होते. खेळच असा रचला आहे की थांबणाऱ्याचा तोटा व्हावा.

याचे मूळ आम्हांस नाण्याच्या यंत्रात दिसते. तेथे प्रत्येक मरण म्हणजे मालकाच्या पेटीत आणखी एक नाणे. अशा ठिकाणी दोन खेळणारे असावेत ही स्नेहाची योजना नसून व्यापाराची आहे, आणि त्यांपैकी मंद असेल त्याने लवकर मरावे हेही त्या व्यापारास सोयीचेच. घरी आल्यावर नाणे गेले, पण नियम तेच राहिले. ते सुसह्य करण्यासाठी जी युक्ती प्रसिद्ध आहे, म्हणजे वर-वर-खाली-खाली-डावीकडे-उजवीकडे हा मंत्र दाबून तीस जीव मिळविणे, ती मुळात काझुहिसा हाशिमोतो या कोनामीच्या रचनाकाराने 'ग्रेडियस' या दुसऱ्याच खेळात स्वतःच्या सोयीसाठी घातली होती; खेळ तपासताना त्यालाच तो फार अवघड जाई. 2020 साली हे गृहस्थ वारले तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी त्यांची दखल घेतली. आमच्या कित्येक कॅसेटींत तर तीस जीव आधीच दिलेले असत. परंतु तीस जिवांनी 'कॉन्ट्रा' सुधारत नाही. तीन जीव असताना प्रत्येक पाऊल जपून पडते. तीस असताना माणूस उधळ्या होतो, आणि धबधब्यात मागे राहिलेल्या भिडूविषयी "अजून आहेत तुझ्याकडे" असे म्हणू लागतो. केंद्र सरकारच्या नोकरीत वर्षाला आठ नैमित्तिक रजा मिळतात आणि डिसेंबरपर्यंत त्या पुरविण्याची जी कला अंगी येते तिचे पहिले धडे आम्ही तीन जिवांवर घेतले, असे आम्हांस कधी कधी वाटते. तीस मिळाल्या असत्या तर फेब्रुवारीतच संपल्या असत्या.

इतर खेळांविषयी थोडक्यात आटोपतो. 'रोड फायटर'मध्ये दुसऱ्या भिडूस स्थानच नाही. मोटार पळवावी, तेल संपू देऊ नये, मधूनच कडेने एक उडता माणूस जातो त्याला आम्ही सुपरमॅन समजत होतो, तो कोनामी मॅन निघाला. 'सर्कस चार्ली'चे संगीत अजून कानी आहे, खेळ नाही. 'डक हंट'ची गोष्ट मात्र जरा निराळी. प्लॅस्टिकच्या बंदुकीने पडद्यावरची बदके मारावयाची. घोडा दाबताच पडदा क्षणमात्र काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीच्या नळीतील प्रकाशग्राहकाला तो दिसला तर नेम लागला. हे जुन्या काचेच्या टीव्हीवरच जमते. आजच्या सपाट पडद्यांवर ती बंदूक आंधळी आहे. नेम चुकला की गवतातून एक कुत्रा उभा राहून हसतो, आणि या कुत्र्यावरील रागाखेरीज या खेळात काही नाही असे आमचे कित्येक वर्षे मत होते. पुढे वाचनात आले की, एका बदकाच्या खेळात दुसऱ्या मुलाने रिमोट हाती घेतला तर ते बदक त्याला हवे तसे उडविता येते, आणि मूळ पुस्तिकेत तसे स्पष्ट सांगितलेले आहे. आमच्याजवळ पुस्तिका नव्हती. दादा बंदूक झाडीत आणि आम्ही शेजारी रिमोट घेऊन उगाच बसलेलो. बदक आमच्या हाती होते आणि आम्हांस ते कोणी सांगितले नाही. नकलेने आमचे जे जे नुकसान केले त्यात हे आम्ही सर्वांत मोठे धरतो.

आता ज्या खेळासाठी हा सारा प्रपंच मांडला त्याकडे वळतो. 'बॅटल सिटी', आमच्या बोलीत 'टँकवाला', हा नामको कंपनीचा 1985 चा खेळ. मारिओला जी कीर्ती मिळाली तिच्या शतांशही याला मिळाली नाही. अमेरिकेत तो त्या काळी निघालाच नाही. जपानबाहेर त्याचा प्रसार मुख्यतः आमच्यासारख्यांच्या नक्कल-यंत्रांनी केला. दिसावयास तो दरिद्री आहे. पडदा सरकत नाही. एकच चौक, त्यात विटांच्या भिंती, पोलादाचे ठोकळे, थोडे पाणी, थोडी झाडी, कोठे बर्फ. आरंभी चार सूर वाजतात आणि मग इंजिनाची घरघर तेवढी उरते. तळाशी मधोमध, तीन बाजूंनी विटांनी वेढलेला, एक गरुड. वरून वीस शत्रू रणगाडे एकामागून एक उतरतात. त्यांच्यापासून गरुड वाचवावयाचा, एवढाच खेळ. असे पस्तीस टप्पे, आणि ते संपले की पुन्हा पहिल्यापासून.

याचा पूर्वज 'टँक बटालियन' हा 1980 चा, नाण्याच्या यंत्रावरचा. त्यात दोघे असले तर पाळीपाळीने खेळत. घरासाठी तो नव्याने रचताना कर्त्यांनी दोघांना एकाच चौकात उतरविले, गरुडाच्या डाव्या हातास एक, उजव्या हातास एक. आणि मग त्यांनी तीन नियम केले, ज्यांमुळे आम्ही या खेळास मारिओच्या वर बसवितो. पहिला असा की, गरुड दोघांचा मिळून एक. जीव कितीही शिल्लक असोत, गरुडास एक गोळी लागली की दोघांचाही खेळ आटोपला. दुसरा असा की, भिडूची गोळी भिडूस लागते. तिने तो मरत नाही. काही क्षण लुकलुकत जागीच खिळून राहतो, आणि तेवढ्यात शत्रू काय करील ते करील. तिसरा नियम सर्वांत धाडसी. गरुडाभोवतीची भिंत आपल्याही गोळीने फुटते, आणि गरुडही आपल्याच गोळीने मरतो.

या तिसऱ्या नियमाचा अर्थ आमच्या आजीने प्रथम सांगितला. ती दुपारी निवडटिपण करीत माजघरात बसे. गरुडाला ती 'पाखरू' म्हणे. एकदा दोघा भावांची जुंपली असता ती म्हणाली, "त्या रणगाड्यांनी काही केलं नाही रे. भिंत तुम्हीच फोडलीत दोघांनी." पाहिले तर खरेच तसे होते. शत्रू कोपऱ्यात आला की घाईने गोळी सुटते, ती आपल्याच विटेस लागते, आणि पडलेल्या भगदाडातून पुढची गोळी, कोणाची का असेना, आत येते. हा खेळ हरणारे बहुधा शत्रूच्या पराक्रमाने हरत नाहीत. फावडे मिळाले तर भिंत थोडा वेळ पोलादी होते, तेवढाच विसावा.

आमच्या कृष्णधवल टीव्हीवर यात आणखी एक पेच पडे. मूळ खेळात पहिल्या भिडूचा रणगाडा पिवळा, दुसऱ्याचा हिरवा, वैऱ्यांचे बहुतांशी रुपेरी. आमच्याकडे सर्वच करडे. दोघांच्या रणगाड्यांची घडण सारखी, त्यामुळे गर्दी झाली की आपला कोणता हे कळेनासे होई. मग "हलव बघू जरा" असे एकमेकांस सांगावयाचे. हलला तो आपला. नऊ वर्षांचा आणि तेरा वर्षांचा अशा दोघांना एवढे बोलावयास लावणारा दुसरा खेळ त्या कॅसेटीत नव्हता. 'तू वरचे सांभाळ, मी पाखराजवळ बसतो', 'गोळी थांबव, मी आडवा जातो', 'डावीकडची वीट गेली'. मारिओ खेळताना आम्ही गप्प असू. कॉन्ट्रा खेळताना ओरडत असू. बोलत असू ते येथे. आणि विशेष असे की, येथे मंद खेळणाऱ्यासही काम होते. दादा पुढे जाऊन वीसपैकी पंधरा टिपीत; आम्ही पाखराजवळ उभे राहून उरलेले अडवीत असू. आमच्या मंदपणाची शिक्षा पडदा देत नव्हता, कारण पडदा सरकतच नव्हता. 'स्टार्ट'ची कळ अजूनही त्यांच्याच रिमोटवर होती, पण ती दाबण्यापूर्वी ते आमच्याकडे पाहत.

या खेळात दोष नाहीत असे नाही. पस्तीस टप्प्यांत चढण नीट बांधलेली नाही. कित्येक उत्तरार्धातील टप्पे पूर्वार्धातल्यांहून सोपे जातात. पोलाद फोडण्याचे बळ मिळविलेला एक भिडू मेला की त्याचे सर्व बळ जाते आणि खेळाचा तोल एकदम ढासळतो. शेवट तर नाहीच. छत्तिसावा टप्पा पहिलाच निघाला तेव्हा आम्हांस फसविल्यासारखे झाले होते. शिवाय त्यात 'कन्स्ट्रक्शन' म्हणून जो विभाग आहे, जेथे मुलाने स्वतः चौक रचावयाचा, तेथे आम्ही पहिल्याच दिवशी पाखराभोवती पोलादाचे दुहेरी कडे उभारले. तो खेळ इतका निर्जीव झाला की वीस रणगाडे संपेतो दोघांना जांभया आल्या. पुढे विटांचेच चौक रचू लागलो, आणि त्यांतला एखादा चांगला जमला की हमखास वीज जाई. रचलेला चौक पुसला जाई. उन्हाळ्यात दुपारची वीज जाणे हे तेव्हा नेमाचेच होते.

जुने ते सर्व सोने, असे म्हणणाऱ्यांत आमची गणना होऊ नये म्हणून एक खुलासा. हे खेळ आम्ही केवळ आठवणीवरून तोललेले नाहीत. टीव्हीच्या मागे खोचावयाची बोटभर वस्तू आणि दोन बिनतारी रिमोट आता हजार-दीड हजारात मिळतात. त्यात हे सर्व खेळ आहेत, आणि हवा तो क्षण जपून ठेवून मेल्यावर तेथूनच पुन्हा आरंभ करण्याची सोयही आहे. या सोयीने मारिओ बराच फिका पडला. खड्ड्याचे भयच गेले. कॉन्ट्रा दोन बैठकींत संपला. टँकवाल्याचे काही विशेष बिघडले नाही, कारण भिंत कोणी फोडली हा वाद मागच्या क्षणावर परत जाऊन मिटत नाही, तो तेथूनच पुन्हा सुरू होतो. दोन्ही रिमोटांवर आता 'स्टार्ट'ची कळ असते.

गेल्या दिवाळीत दादा तात्यापाऱ्यातील घराच्या कागदपत्रांच्या कामासाठी पुण्याहून चार दिवस आले होते. पाडव्याच्या रात्री, मंडळी निजल्यावर, आम्ही ती वस्तू टीव्हीला जोडली. तेराव्या टप्प्यापर्यंत गेलो. पाखरू कोणाच्या गोळीने गेले यावर एकमत झाले नाही. मध्ये गर्दीत दादांनी जुन्या सवयीने "हलव बघू जरा" म्हटले, आणि मग स्वतःच म्हणाले, "अरे, तुझा हिरवा आहे की." सत्तावीस वर्षे खेळून आमचा रणगाडा हिरवा असल्याचे आम्ही त्या रात्री प्रथम पाहिले.